तिकीट माफ, पायरी तीच

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीत तिकीट लागत नाही. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात अमृत ज्येष्ठ नागरिक योजना सुरू आहे आणि ती चांगली आहे, हे आधीच सांगतो. मंठा, परतूर, जाफराबादकडची कितीतरी म्हातारी माणसं तिच्यामुळे पुन्हा घराबाहेर पडायला लागली. लेकीच्या गावाला जायचं तर मुलापुढे हात पसरायचा नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जायचं तर कुणाची परवानगी मागायची नाही. आधार कार्ड पिशवीत टाकायचं आणि निघायचं. उतारवयात एवढी मोकळीक मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण तिकीट माफ करणाऱ्यांनी गाडीचं दार पाहिलं नाही.

साधी लालपरी म्हणजे ट्रकच्या धाटणीच्या चासीवर चढवलेली बॉडी. तिची फरशी जमिनीपासून जवळजवळ मीटरभर वर. मोठ्या शहरांत लो-फ्लोअर म्हणून जी बस धावते, तिची फरशी साधारण ४०० मिलिमीटरवर, म्हणजे सव्वा फुटाच्या आसपास असते. लालपरीत त्याच्या दुपटीहून जास्त उंची चढायची, तीही उभ्या, अरुंद पायऱ्यांनी. पहिलीच पायरी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला टेकते. आणि म्हातारपणात आधी जातात ते गुडघेच.

जालन्याच्या बसस्थानकात सकाळच्या गर्दीत कोणत्याही गाडीच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहून पाहा. म्हातारी बाई आधी पिशवी आत टाकते. मग दोन्ही हातांनी दांडा धरते, एक पाय वर ठेवते आणि तिथेच अडकते. दुसरा पाय उचलत नाही. मागून कुणीतरी ढकलतं, वरून कुणीतरी दंड धरून ओढतं. "चल माय, लवकर, गाडी सुटायलीय." पन्नास माणसं बघत असतात. आयुष्यभर पदर सावरून वावरलेल्या बाईला परक्या हातांनी गाडीत चढावं लागतं, हा हिशेब कुठल्याच जीआरमध्ये नाही.

उतरणं त्याहून अवघड. चढताना पायरी निदान डोळ्यांसमोर असते. उतरताना मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिची कड कळत नाही, आणि शेवटच्या पायरीनंतर पाय नुसता हवेत. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं पुढे काय होतं. पायरीच्या कडेला ठळक पिवळा पट्टा मारायला आगारात रंगाचा एक डबा आणि एक दुपार पुरते. तेवढं तरी करा.

फलाटांचीही गोष्ट आहे. आपल्या स्थानकांत गाडी तोंड पुढे करून फलाटाला लागते आणि तिचं दार राहतं बाजूला. म्हणजे फलाट कितीही उंच, कितीही चकाचक बांधा, प्रवाशाने आधी फलाटावरून खाली उतरायचं, दोन गाड्यांच्या मधल्या बोळात शिरायचं आणि मग खालून पुन्हा वर चढायचं. त्याच बोळात तेल सांडलेलं, पाणी साचलेलं, आणि शेजारची गाडी कधी रिव्हर्स घेईल याचा नेम नाही. स्थानकं बांधणाऱ्यांनी गाडीची सोय पाहिली, माणसाची पाहिली नाही.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९९१ मध्ये हा प्रश्न सोडवला. त्यांच्या बस उंचच होत्या. त्यांनी थांबा बसच्या फरशीइतका उंच केला. दार उघडलं की एक फळी थांब्यावर टेकते आणि माणूस सपाट चालत आत जातो. ज्याला काठी लागते तोही, ज्याला चाकाची खुर्ची लागते तोही. नवं तंत्रज्ञान त्यात काहीच नव्हतं.

जालन्याला तर तेवढंही नको. प्रत्येक फलाटावर दाराशी सरकवायला फूटभर उंचीचा, हाताला धरायला कठडा असलेला एक लोखंडी पाट पुरे. गाडीच्या दाराखाली घडी होणारी एक जादा पायरी पुरे. हे शहर सळईचं आहे. इथल्या एमआयडीसीत पोलाद वितळतं आणि राज्यभर घरं उभी राहतात. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: दापोडी, हिंगणा आणि चिकलठाणा. त्यातली चिकलठाण्याची तर आपल्याच वाटेवर, जालना रस्त्याला, इथून तासाभरावर. गाड्यांच्या बॉड्या तिथे बांधल्या गेल्या आहेत. लोखंड इथलं, वेल्डर तिथला, आणि म्हातारी दारात लोंबकळलेली. या जिल्ह्यातल्या चार आगारांपुरता, जालना, अंबड, परतूर आणि जाफराबादपुरता, हा प्रयोग करायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. एक विभाग नियंत्रक आणि एक कार्यशाळा व्यवस्थापक मनावर घेतील तर पुष्कळ होईल.

नव्या गाड्या येताहेत, हे खरं. २०२५ च्या सुरुवातीपासून नव्या लालपऱ्या ताफ्यात यायला लागल्या. ती खरेदी २,६४० गाड्यांची. चांगलं आहे. पण गाडी घेताना पायरीची उंची, कडेचा पट्टा, दाराच्या दोन्ही बाजूंना धरायचे दांडे या अटी निविदेत ठसठशीत लिहायला वेगळा निधी लागत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. बस आणि बसस्थानकं सगळ्यांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी त्याने सरकारवरच टाकलेली आहे. कायदा आहे, खरेदी चालू आहे, मग पायरी कुठे अडली?

आता वयाचा घोळ.

सरकारला म्हातारपण नेमकं कधी सुरू होतं हेच ठरवता आलेलं नाही. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा म्हणतो साठ. २०२४ ला आलेली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनाही म्हणते साठ. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये पासष्टपासून. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा घेण्यासाठी वयोश्री योजनेचे एकदाच मिळणारे ३,००० रुपयेही पासष्टपासून. आयुष्मान कार्डावरचे पाच लाखांपर्यंतचे उपचार सत्तरपासून. एसटीत अर्धं तिकीट पासष्टला, पूर्ण माफी पंचाहत्तरला. साठ ते पासष्ट या वयातला माणूस कायद्याने ज्येष्ठ आणि एसटीच्या दारात मात्र जवान. शेतमजुराचं, हमालाचं, भट्टीवर काम केलेल्या माणसाचं शरीर साठाव्या वर्षी काय अवस्थेत असतं, हे मंत्रालयात बसून कळणार नाही. मोंढ्यात येऊन पाहा.

बायकांचं तर आणखी वेगळं. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या बाईला जेवढी सवलत, तेवढीच वीस वर्षांच्या मुलीला. मुलीला मिळाली याचा आनंदच आहे. या सवलतीमुळे कितीतरी पोरींचं कॉलेज सुटायचं राहिलं. पण त्या दिवसापासून पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या बाईची ज्येष्ठ म्हणून वेगळी अशी सवलत उरलीच नाही. महिलांसाठी तरी माफीचं वय साठ, निदान पासष्ट करा. म्हातारपणी एकटं राहण्याची वेळ आपल्याकडे बहुतेक वेळा बायकांवरच येते, आणि त्यांच्याच हातात स्वतःचा पैसा सगळ्यात कमी असतो.

एकाच सरकारच्या या योजना शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की डोकं गरगरतं. काठीला पैसे आहेत; काठी टेकत चढता येईल अशी पायरी नाही. तीर्थयात्रेला माणशी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. डायलिसिसला, डोळ्याच्या तपासणीला, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायला शहरात बस नाही. म्हाताऱ्या माणसाला काशी-रामेश्वर घडावं हे कुणालाही पटेल. पण दर महिन्याला त्याला दवाखाना घडतो, त्याचं काय?

आणि इथे नवीन जालन्याचा मुद्दा येतो. आतापर्यंत बोललो ते गावाहून येणाऱ्यांबद्दल. शहरातच राहणाऱ्या म्हाताऱ्याला एसटीच्या माफीचा उपयोग काय? सदर बाजारात, कादराबादेत राहणाऱ्या माणसाला रेल्वे स्टेशन गाठायचं तर कुंडलिका नदी ओलांडून जुन्या जालन्यात जायचं. जिल्हाधिकारी कार्यालय त्याच्याही पुढे, अंबड चौफुलीकडे. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ या योजनांचं काम तहसीलला. २०२४ पासून शहराला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं. सगळं आहे, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत नेणारी शहराची बस नाही. जी आहे ती रिक्षा.

महिन्याला १,५०० रुपयांत जगणाऱ्या माणसाने स्पेशल रिक्षा करायची नाही, हे उघड आहे. तो शेअर रिक्षाच शोधणार. तीन माणसांचा परवाना असलेल्या रिक्षात पाचवा-सहावा होऊन बसणार. म्हाताऱ्याला जागा मिळते ती कडेची, एक मांडी आत आणि एक बाहेर. रिक्षावाल्यांवर माझा राग नाही. जिथे बस नाही तिथे त्यांनीच हे शहर चालतं ठेवलं आहे, आणि कितीतरी जण म्हाताऱ्यांना हात धरून उतरवतात, सुटे नसले तर सोडूनही देतात. पण एखाद्याच्या भलेपणावर सार्वजनिक वाहतूक उभी राहत नाही. ठरलेला मार्ग, ठरलेला थांबा, ठरलेलं भाडं आणि ठरलेली माणसं, एवढं आरटीओ, वाहतूक पोलीस आणि महापालिका यांनी रिक्षा संघटनांना बरोबर बसवून ठरवलं तरी निम्मं काम होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी बसच लागेल. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधान ई-बस सेवा मंजूर केली: १६९ शहरं, १०,००० बस. त्यासाठी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाख हवी. जालन्याची त्या जनगणनेतली लोकसंख्या २,८५,५७७. पंधरा हजारांहून कमी माणसांनी शहर मागे राहिलं, तेही तेव्हाच बारा वर्षं जुन्या झालेल्या आकड्यावर. बारा वर्षांत या शहरात कारखाने वाढले, वस्त्या वाढल्या, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. महापालिका होण्याइतकं शहर मोठं आहे, पण बस मिळण्याइतकं नाही, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर तो जालनेकरांनी मान्य करू नये. त्याच २०२३ मध्ये महापालिका झाली, त्याच वर्षी हा मुद्दा दिल्लीत मांडायला हवा होता. राज्यातून केंद्रात गेलेल्या आणि इथूनच निवडून गेलेल्या माणसांची जालन्याला कधी वाण नव्हती.

केंद्राची वाट न बघताही सुरुवात करता येते. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात स्मार्ट सिटीच्या पैशातून २०१८-१९ ला शहर बस सुरू झाली आणि ती चालवायला एसटीच्या चालकांची मदत घेतली गेली. जालन्याला शंभर बस नकोत. बसस्थानक, सदर बाजार, गांधी चमन, रेल्वे स्टेशन, अंबड चौफुली आणि परत, अशा फेऱ्यात चार छोट्या, कमी उंचीच्या बस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फिरल्या तरी म्हाताऱ्यांचा दिवस बदलेल. २०२६ च्या जानेवारीत महापालिकेची पहिली निवडणूक झाली. नव्या नगरसेवकांना मोठं काम दाखवायचं असतं, उद्घाटनाचा दगड लावायचा असतो. लावा, पण बसवर लावा. आणि एक गोष्ट पहिल्याच ठरावात लिहा: एसटीची ज्येष्ठांची माफी शहरी बसला लागू नाही. ती इथे पहिल्या दिवसापासून लागू हवी, नाहीतर गावाहून फुकट आलेला म्हातारा शहरात पुन्हा खिसा चाचपत उभा राहील.

एका गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. लघवीची.

गावाहून जालन्याला निघालेली म्हातारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही. रक्तदाबाच्या गोळीने लघवीला जास्त लागते म्हणून कितीजणी प्रवासाच्या दिवशी गोळीच घेत नाहीत. दवाखान्यात जायचं म्हणून गोळी टाळायची, आणि मग डॉक्टर रक्तदाब वाढला म्हणून डोस वाढवणार. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात पाण्याशिवाय चार तास. कारण एकच: वाटेत जायला जागा नाही, स्थानकातल्या जागेत पाय ठेववत नाही, जिथे बरी आहे तिथे पैसे मोजावे लागतात आणि बसायला उकिडवंच बसावं लागतं. गुडघे गेलेल्या बाईने उकिडवं कसं बसायचं? प्रत्येक तालुक्याच्या स्थानकात कमोड आणि भिंतीला धरायचा दांडा असलेलं एक तरी स्वच्छतागृह, ज्येष्ठांना मोफत, कडी आतून लागणारी. ही मागणी लाजायची नाही. मधुमेह झालेल्या पुरुषांचीही हीच गत आहे, तेही बोलत नाहीत.

गावच्या थांब्यावरचा निवारा तर आमदार-खासदारांच्या निधीतून बांधलेला असतो, त्यांची नावं लांबून वाचता येतात. बाकडं मात्र मोडकं, पत्रा उडालेला. नाव टाकलं असेल तर निगाही राखा. गाडीच्या पाटीची अक्षरंही तेवढीच मोठी काढा, म्हणजे 'कोणती गाडी आहे हो?' असं दहा जणांना विचारावं लागणार नाही.

रेल्वेबद्दल दोनच वाक्यं. २० मार्च २०२० ला कोरोनाचं कारण सांगून ज्येष्ठांची भाडेसवलत काढली, पुरुषांना साठपासून ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नपासून ५० टक्के मिळायची ती. कोरोना गेला, ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारतही सुटली, पण देवगिरी आणि तपोवनने मुलाकडे जाणाऱ्या म्हाताऱ्याची सवलत परत आली नाही, ती आणा.

एसटीवाले म्हणतील, आमच्याकडे गाड्याच नाहीत. खरं आहे. कोरोनाआधी अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा कर्मचाऱ्यांच्या संपानंतर आणि जुन्या गाड्या बाद झाल्यावर खूप खाली आला. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचं २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनेच मांडलं. सवलती सरकारने जाहीर करायच्या आणि त्यांची भरपाई वेळेवर द्यायची नाही, तर म्हाताऱ्याचं फुकट तिकीट कुणाच्या तरी पगारातून फाटतं. सवलतींमुळे प्रवासी वाढले, गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि गर्दीत ज्येष्ठांसाठी राखीव लिहिलेल्या जागेवर तरणा पोरगा मोबाइल बघत बसलेला असतो. कंडक्टरने कुणाकुणाला उठवायचं? त्याला तिकिटं फाडायची, वेळ गाठायची, आगारात हिशेब द्यायचा. दोन मिनिटं जास्त थांबून म्हातारीला चढवलं म्हणून त्याला उशिराचा जाब विचारू नका, त्या दोन मिनिटांची वेळापत्रकातच तरतूद करा. आणि खेड्यांच्या बंद पडलेल्या मुक्कामी गाड्या आधी सुरू करा. रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी ती गाडी म्हाताऱ्यांना दवाखान्यात नंबर लावायला वेळेत आणायची. ती गेली आणि दवाखान्याचा सकाळचा नंबरही गेला.

जुलै २०२४ मध्ये एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला: विभाग नियंत्रकाने आगारात येऊन प्रवाशांची गाऱ्हाणी तिथेच ऐकायची. जालना, अंबड, परतूर, जाफराबाद, जिथलं तुमचं आगार असेल तिथे पुढचा असा दिवस कधी आहे ते विचारून घ्या. आपल्या घरातल्या आजीला, आजोबांना बरोबर न्या. अर्ज साधा लिहा: दाराशी लोखंडी पाट, पायरीला पिवळा पट्टा, कमोडचं स्वच्छतागृह, आमच्या गावची मुक्कामी गाडी. अर्ज त्यांच्या हातूनच द्या, पोच घ्या, आणि साहेबांना नम्रपणे विनंती करा की फलाटापर्यंत चला आणि ही माणसं गाडीत कशी चढतात ते एकदा समोर उभं राहून पाहा.